नान्नजचा माळ, बालाघाटाचा चढ

सोलापूरहून स्वतःची गाडी काढून गवताळ माळ आणि डोंगर दोन्ही एका दिवसात पाहायचे असतील, तर बार्शी रस्त्याने जावे आणि तुळजापूरवरून परतावे. नान्नज, वैराग, बार्शी, येडशी, धाराशिव, तुळजापूर असा हा फेरा साधारण पावणेदोनशे किलोमीटरचा होतो. सकाळचे कोवळे ऊन माळावर मिळावे म्हणून दिशा हीच ठेवावी. ऑगस्ट-सप्टेंबरात माळ हिरवा असतो. पाखरांसाठी जायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

उजाडायच्या आत निघालात की वीसेक किलोमीटरवर नान्नज येते. इथले माळढोक अभयारण्य १९७९ सालचे. आत जाण्यासाठी वनविभागाची परवानगी घ्यावी आणि ते सांगतील तेवढ्याच वाटेने फिरावे. माळढोक, चंडोल, धाविक हे सारे पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. माळढोकाची मादी तर बहुधा एकच अंडे घालते, आणि आता तो इथे क्वचितच दिसतो. समोरचे नीट दिसत नसल्याने हा जड पक्षी विजेच्या तारांवर आदळून मरतो, हे त्याच्या ऱ्हासाचे एक मोठे कारण आहे. काळविटांचे कळप मात्र भेटतात. नशीब असेल तर लांडगा किंवा खोकड दिसते, आणि हिवाळ्यात मध्य आशियाकडून आलेले भोवत्ये हे शिकारी पक्षी गवताला लगटून तरंगत जातात. इंजिन बंद करून गाडीतच बसावे. उतरलेल्या माणसाला जनावर बिचकते, उभ्या गाडीला सहसा नाही.

परवानगीच्या वाटेवर उतरायची मुभा असेल तेव्हा कुसळी गवताचे एक कुसळ हातात घ्या. टोकाला काळपट, अणकुचीदार बी आणि मागे दोरीसारखी पीळ पडलेली लांब शेपटी. त्यावर पाण्याचा थेंब सोडला की पीळ उलगडू लागतो आणि कुसळ तळहातावर आपोआप फिरते. वाळले की पुन्हा पीळ बसतो. दवाने ओले, उन्हाने कोरडे, असे फिरत फिरत बी मुरमात घुसते. पायमोज्यात घुसते तेही याच कसबाने!

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा मुलूख. पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि मुरमावर मातीचा पातळ थर. इथे गवतच नीट तग धरते. कागदोपत्री अशा जमिनीला पडीक म्हणतात आणि पुण्य म्हणून तिच्यावर खड्डे खणून झाडे लावली जातात. माझ्या मते माळाचे यासारखे नुकसान दुसरे नाही. मोकळ्यावर जगणाऱ्या जिवांना झाडांची दाटी म्हणजे घर गमावणेच.

वैराग मागे टाकून बार्शीत न्याहारी करावी. शेंगाचटणी आणि कडक भाकरी सोबत असेल तर तीही सोय नको. पुढे पांगरीवरून येडशीकडे जाताना बालाघाट डोंगररांगेचा चढ लागतो. हे डोंगर टोकदार नाहीत, माथ्यावर सपाट आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले; कठीण थर टिकले, मऊ झिजले, म्हणून उतारांना पायऱ्या पडल्या. या रांगेवर पाणी वाटले जाते. एका अंगाचा पाऊस तेरणा-मांजरेतून गोदावरीला मिळतो, दुसऱ्या अंगाचा सीनेतून भीमेला. येडशीजवळचे रामलिंग मंदिर दरीत आहे. पायऱ्या उतरून जावे लागते. पावसाळ्यात तिथला धबधबा वाहतो. माकडे फार, तेव्हा काचा बंद ठेवाव्यात.

येडशीहून धाराशिव आणि तुळजापूर हा राष्ट्रीय महामार्ग. गाडी भरधाव निघते, पाहण्यासारखे थोडे. तुळजापूर डोंगराच्या कडेवरच वसले आहे, त्यामुळे भवानीच्या दर्शनाला चढायचे नसते, पायऱ्या उतरायच्या असतात. पौर्णिमा, मंगळवार-शुक्रवार आणि नवरात्र टाळले तर गाडी लावायला जागा मिळते. नंतर घाट उतरताना गिअर खालचा ठेवावा, सारखा ब्रेक दाबत राहू नये. तामलवाडी ओलांडली की सोलापूरच्या वेशीआधी हिप्परग्याचा तलाव लागतो. हिवाळ्यात तिथे पाणपक्षी असतात.

दुसरा दिवस मोकळा असेल आणि पाऊस चांगला झालेला असेल, तर हैदराबाद रस्त्याने नळदुर्गला जावे. बोरी नदीवरच्या बंधाऱ्यात बांधलेला पाणीमहाल आणि त्यावरून कोसळणारे नर-मादी धबधबे नदीला भरपूर पाणी असतानाच पाहण्यासारखे असतात.