जुन्या ट्रकला इंजिन कोणतं?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

वाकडला आमच्या जुन्या घरामागे चिंचेखाली एक ट्रक उभा होता. १९६१ सालचा, लांब नाकाचा, पुढच्या जाळीवर तीन टोकांचा तारा असलेला टाटा-मर्सिडीज-बेंझ, मॉडेल ३१२. वडील त्यात चाकणचा कांदा भरून मुंबईला न्यायचे. १९८८ साली तो उभा राहिला, तो उभाच. आजूबाजूची शेतं गेली, हिंजवडीकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग आमच्या दारापर्यंत आली, समोर बावीस मजली इमारत झाली. अखेर आमचीही जागा विकसनाला द्यायचं ठरलं, तेव्हा बिल्डरचा माणूस म्हणाला, "काका, ते भंगार कधी उचलताय?"

आई ओट्यावर बसली होती. ती म्हणाली, "त्या गाडीवर तुम्ही तिघं शिकलात. तिला क्रेननं उचलून नेऊ नका. स्वतःच्या चाकांनी फाटकाबाहेर जाऊ दे."

मी तीस वर्षं कारखान्यात गिअर कापण्याच्या विभागात काढली. पण दाते कापणं वेगळं आणि अख्खा ट्रक उभा करणं वेगळं. पहिलाच प्रश्न आला, इंजिन कोणतं ठेवायचं? हा प्रश्न जुन्या गाडीच्या नादाला लागणाऱ्या प्रत्येकाला पडतो, म्हणून आज त्याविषयी बोलतो.

थोडा इतिहास सांगतो. टेल्को ही कंपनी १९४५ मध्ये जमशेदपूरला रेल्वेची इंजिनं बनवण्यासाठी निघाली. १९५४ मध्ये तिनं जर्मनीच्या डायम्लर-बेंझशी करार करून ट्रक बनवायला सुरुवात केली. १९६९ मध्ये करार संपला आणि जाळीवरचा तारा गेला. पिंपरीच्या कारखान्याची उभारणी १९६६ पासूनची, म्हणजे आमचा ट्रक गावाशेजारचा नव्हे, जमशेदपूरचा. त्याचं इंजिन सहा सिलिंडरचं, साधारण ४.६ लिटरचं, शंभरेक अश्वशक्तीचं. त्यात डिझेल थेट सिलिंडरमध्ये न फवारता आधी एका छोट्या कप्प्यात फवारलं जातं. म्हणून थंडीत सकाळी आधी हीटर तापवायचा, मग स्टार्टर. वडील तेवढ्या वेळात तंबाखू मळून घेत.

माझ्यापुढे तीन वाटा होत्या. पहिली, मूळ इंजिनच दुरुस्त करायचं. दुसरी, टाटाचं नंतरचं ६९७ इंजिन बसवायचं. तिसरी वाट पुतण्यानं सुचवली, "काका, ४०७ चं इंजिन टाका. पार्ट कोपऱ्यावर मिळतो."

हे आकडे वाचायला सोपे आहेत. पहिला अंक सिलिंडरांचा, पुढचे दोन सिलिंडरच्या व्यासाचे, मिलिमीटरमध्ये. ६९७ म्हणजे सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटरचे, एकूण सुमारे ५.७ लिटर. १९८६ साली आलेल्या ४०७ या छोट्या ट्रकचं इंजिन ४९७, म्हणजे तेवढ्याच व्यासाचे चार सिलिंडर, सुमारे तीन लिटर. रिकामी गाडी मिरवणुकीत फिरवायची तर तेही ओढेल. पण माल भरून घाट चढायचा तर ते धापा टाकेल. ६९७ चा मोह मात्र खरा होता. त्यात डिझेल थेट फवारलं जातं, त्यामुळे ते लवकर सुरू होतं, डिझेल कमी पितं आणि ताकदही जास्त.

इथे माझ्यातला गिअरवाला जागा झाला. इंजिन एकटं निवडता येत नाही. क्लच, गिअरबॉक्स, मागचा जॉइंट शाफ्ट, डिफरन्शियलमधले क्राउन-पिनियन, टायर आणि ब्रेक ही एकच साखळी आहे. एक कडी बदलली की बाकीच्यांचा हिशेब नव्यानं मांडावा लागतो.

एक हिशेब करून पाहू. समजा क्राउन-पिनियनचं प्रमाण साडेसहास एक आहे, म्हणजे शाफ्ट साडेसहा वेळा फिरला की चाक एकदा फिरतं. टायरचा घेर धरा ३.१ मीटर. टॉप गिअरमध्ये इंजिन आणि शाफ्ट बरोबरीनं फिरतात. इंजिन मिनिटाला २८०० फेरे घेत असेल, तर चाक ४३१ फेरे घेईल आणि गाडी ताशी ८० किलोमीटरनं जाईल. आता त्याच गाडीत २४०० फेऱ्यांवर थांबणारं, पण जास्त ताकदीचं इंजिन बसवा. वेग येईल ताशी ६९. म्हणजे पैसे घालून मोठं इंजिन घेतलं आणि गाडी हळू झाली! मग माणूस क्राउन-पिनियन बदलतो. ते बदलले की पहिल्या गिअरचा जोर उतरतो. जोराची भरपाई करायला गिअरबॉक्स बदलतो. असं एकातून दुसरं निघत जातं.

गिअरबॉक्सचंही तसंच. जुना बॉक्स सिंक्रोमेश नसलेला. गिअर बदलताना दोन्ही बाजूंच्या दात्यांचा वेग चालकानं स्वतः जुळवायचा. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून थोडा एक्सिलेटर, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर. याला आपले ड्रायव्हर डबल क्लच म्हणतात. सिंक्रोमेशच्या बॉक्समध्ये हे काम आतल्या पितळी रिंगा करतात. हात बसलेला नसेल त्यानं सिंक्रोमेश घ्यावा, यात कमीपणा नाही. फक्त दुसऱ्या इंजिनाला दुसरा बॉक्स जोडताना मधे खास प्लेट लागते आणि क्रँकचा मध्य बॉक्सच्या शाफ्टच्या मध्याशी तंतोतंत जुळावा लागतो. मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी चूक राहिली तरी बेअरिंग आवाज करू लागतं. म्हणून बॉक्स बदलायचाच असेल, तर इंजिन आणि बॉक्स एकाच गाडीचे, जोडीनं घ्यावेत.

सगळ्यात महत्त्वाचे ब्रेक. खोपोलीकडे उतरताना वडील एकच गोष्ट सांगत, "ज्या गिअरमध्ये हा घाट चढला असतास, त्याच गिअरमध्ये उतर." खालच्या गिअरमध्ये चाकंच इंजिनाला फिरवतात, आत हवा दाबण्यात जोर खर्च होतो आणि गाडी आवरली जाते. डिझेल वाचवायला न्यूट्रलवर सोडली की सारा भार ब्रेकवर. ड्रम तापतात, ब्रेक लागेनासे होतात. म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स ओढण्यासाठी असतात तसे थांबवण्यासाठीही असतात. ताकद वाढवून ब्रेक जुनेच ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ.

आणि कागद. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसी बुकातल्या नोंदींशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. इंजिन नंबर ही अशीच एक नोंद. म्हणून इंजिन बदलण्याआधी आरटीओत विचारावं, नंतर नव्हे. २०२१ साली पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम आले. मी आनंदानं ते वाचले. पण ते दुचाकी आणि प्रवासी मोटारींसाठी आहेत, मालट्रक त्यात बसत नाही.

हे शहाणपण मला आधी नव्हतं. एका भंगारवाल्याकडे ६९७ इंजिन बॉक्ससकट पाहिलं आणि वीस हजार रुपये आगाऊ देऊन आलो. दुसऱ्या दिवशी भोसरीच्या मिस्त्रींना घेऊन गेलो. त्यांनी कापडानं ब्लॉक पुसला आणि म्हणाले, "दादा, नंबर कुठाय?" नंबराच्या जागी ग्राइंडर फिरवलेला होता. असलं इंजिन कुठल्या आरसीवर चढणार? आगाऊ रक्कम बुडाली, ती बुडालीच.

येताना मिस्त्री म्हणाले, "तुमचं मूळ इंजिन उघडून तरी पाहिलंत का?" मी पाहिलंच नव्हतं! पहिल्यांदा गाडी करणारे बहुतेक जण हीच चूक करतात.

मग उघडलं. पिस्टन जाम होते. सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल ओतून आठवडाभर ठेवलं, तेव्हा क्रँक हलला. ब्लॉक धुऊन रंगाचं रसायन लावून तडे तपासले. तडा नव्हता. सिलिंडर झिजले होते, पण लायनर घालता येणार होते. क्रँक ग्राइंड करून त्या मापाचे बेअरिंग बसणार होते. हेडला फेस मारावा लागला. पंप आणि नोझल कॅलिब्रेशनला दिले. ब्लॉक आणि क्रँक धड निघाले की मूळ इंजिन ठेवावं, असं माझं मत तिथे पक्कं झालं. कारण मग साखळीतली दुसरी एकही कडी बदलावी लागत नाही. ब्लॉकला मोठा तडा असेल किंवा क्रँक ग्राइंडिंगच्या पलीकडे गेला असेल, तरच दुसऱ्या जोडीचा विचार करावा, तोही परवानगी घेऊन.

गिअरबॉक्स मी स्वतः उघडला. एक पिनियन दातपडका निघाला. तो जुन्या ओळखीच्या एका लेथवाल्याकडे नमुन्याबरहुकूम कापून घेतला. सगळ्याला चौदा महिने लागले, अंदाजापेक्षा पैसे दुप्पट गेले.

फिटनेसचे कागद अजून व्हायचे आहेत, म्हणून ट्रक रस्त्यावर चालवला नाही. मावळात भावाच्या शेतावर न्यायला ट्रेलर बोलावला, तो फाटकाबाहेर उभा केला. हीटर तापवला, स्टार्टर मारला, तिसऱ्या खेपेला इंजिन धरलं. पहिला गिअर टाकून ट्रक अंगणातून निघाला, फाटक ओलांडून, ट्रेलरच्या उतरंडीवर, न थांबता वर चढला. आई ओट्यावर उभी होती. पुतण्यानं तिला विचारलं, "आजी, कसा वाटला?"

ती म्हणाली, "आवाज तोच आहे."