महानगराच्या मागच्या दाराने

इंदूर, बडोदे किंवा हैदराबादहून मुंबईस जाणाऱ्या आपल्या कुटुंबांना एक अनुभव चांगलाच परिचयाचा आहे. तिकिटावर नाव मुंबईचे असते, पण गाडी थांबते ती कधी कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवर, कधी वांद्र्यास. बोरीबंदर पाहिल्याखेरीज मुंबईला आल्याचे समाधान न लाभणारी जुनी माणसे थोडी कुरकुरतात. परंतु मोठ्या स्थानकात फलाट मोकळा नसला तर गाडीने दुसरे दार शोधावे, हे ओघानेच आले. आकाशमार्गाचीही हीच कथा आहे. फरक एवढाच, की आगगाडीचा उतारू या दुसऱ्या दाराशी नाइलाजाने उतरतो आणि खासगी विमानाचा प्रवासी ते मुद्दाम निवडतो.

हा विषय श्रीमंतांचा, त्याच्याशी आपले काय देणेघेणे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. आमच्याही मनात तो प्रथम आला होता. परंतु अशा एका प्रवासाची आखणी कशी होते हे पाहू लागलो, तेव्हा ध्यानात आले की ही गोष्ट पैशाची कमी आणि शेजारधर्माची अधिक आहे. शिवाय ही आखणी करणारा माणूस स्वतः धनिक नसतो. घड्याळ, नकाशा आणि हवामानाचे तक्ते यांचा मेळ घालीत रात्र जागवणारा तो एक पगारदार असतो. उद्या आपल्याच घरातील एखादा मुलगा किंवा मुलगी त्या टेबलाशी बसलेली असेल.

उदाहरणासाठी लंडन घेऊ. हीथ्रो हे त्या शहराचे महाद्वार. तेथे धावपट्ट्या दोनच आणि वर्षभरातील उड्डाणे व अवतरणे मिळून ४,८०,००० ही मर्यादा. मोठ्या कंपन्यांच्या वेळा कित्येक महिने आधी ठरून गेलेल्या असतात. आठदहा माणसे घेऊन येणाऱ्या छोट्या जेट विमानाला त्या गर्दीत जागा मिळणे कठीण आणि मिळाली तरी महाग. म्हणून ही विमाने शहराभोवतालच्या लहान विमानतळांकडे वळतात. असे विमानतळ लंडनला एक नाही, अनेक आहेत आणि प्रत्येकाचा स्वभाव निराळा.

नैर्ऋत्येस, हॅम्पशायरमध्ये फार्नबरो आहे. १९०८ च्या ऑक्टोबरात सॅम्युअल कोडी याने ब्रिटनमधील पहिले यंत्रचलित विमानोड्डाण येथेच केले. आज हा विमानतळ मुख्यतः खासगी व उद्योगव्यवसायाच्या विमानांसाठीच चालतो. सुमारे २,४०० मीटरची धावपट्टी असल्याने लांब पल्ल्याची जेट विमानेही येथे उतरतात. आग्नेयेस बिगिन हिल आहे. १९४० च्या हवाई युद्धात लंडनचे रक्षण करणाऱ्या लढाऊ विमानांचा हा प्रसिद्ध तळ शहराच्या मध्यापासून अवघ्या वीसेक किलोमीटरवर आहे. परंतु धावपट्टी सुमारे १,८०० मीटरचीच. पूर्वेस जुन्या गोद्यांच्या जागी १९८७ साली सुरू झालेला लंडन सिटी विमानतळ शहराला सर्वांत जवळचा, पण त्याची धावपट्टी १,५०८ मीटरची. एरवी विमान सुमारे ३ अंशांच्या उताराने खाली येते. येथे उंच इमारती आणि दाट वस्ती यांमुळे ५.५ अंशांनी यावे लागते. जिन्याने उतरणे आणि शिडीने उतरणे यांत जेवढा फरक, तेवढाच हा म्हणावा. त्यामुळे विमानाच्या प्रकाराला आणि वैमानिकालाही येथील उताराची वेगळी मान्यता लागते.

पश्चिमेचा नॉर्थोल्ट हा हवाई दलाचा तळ. मुलकी विमानांना तो मर्यादित संख्येने मोकळा असतो. हीथ्रोपासून तो इतका जवळ आहे की १९६० साली हीथ्रोला निघालेले एका अमेरिकन कंपनीचे बोइंग ७०७ चुकून येथेच उतरले! सुदैवाने कोणास इजा झाली नाही. दोन्ही धावपट्ट्यांच्या वाटेवर गॅसच्या प्रचंड गोल टाक्या होत्या आणि त्यांनी वैमानिकाची दिशाभूल केली होती. पुढे त्या टाक्यांवर विमानतळांच्या नावांची आद्याक्षरे मोठ्या अक्षरांत रंगवण्यात आली. घराच्या दारावर पाटी का असावी, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस आठवत नाही.

उत्तरेकडील ल्यूटन आणि ईशान्येकडील स्टॅनस्टेड ही त्या मानाने मोठी दारे. ती रात्रीही उघडी असतात. मात्र रात्रीच्या फेऱ्यांवर संख्येचे आणि आवाजाचे निर्बंध आहेत. या दोन ठिकाणी, तसेच लंडन सिटीत, उतरण्याची नेमकी वेळ, म्हणजे ‘स्लॉट’, आधी मिळवावा लागतो. अन्यत्र पूर्वपरवानगी लागते. थोडक्यात, न कळवता जाणाऱ्या पाहुण्याचे स्वागत कोठेच होत नाही.

आता प्रत्यक्ष आखणी कशी होते ते पाहू. एक उद्योजक उन्हाळ्यातील एका रविवारी म्हणतो, “रात्री जेवून अकराला मुंबई सोडू; सोमवारी सकाळी लंडनला बैठक आहे.” ऐकायला सोपे वाटते. मुंबईहून पश्चिमेकडे जाताना सुमारे १० तास धरले, तर विमान आपल्या सकाळी ९ वाजता पोहोचेल. उन्हाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्यामागे साडेचार तास असते. म्हणजे तेथे पहाटेचे साडेचार. फार्नबरोचे दार आठवड्याच्या दिवशी सकाळी ७ ला उघडते. मधले अडीच तास आकाशात घिरट्या घालीत बसण्याइतके इंधन कोणी नेत नाही. म्हणून आखणी करणारा शेवटापासून मागे मोजत येतो. लंडनचे ७ म्हणजे आपले साडेअकरा. त्यातून १० तास वजा केले की मुंबई सोडण्याची वेळ मध्यरात्रीनंतर दीड. हाच प्रवास रविवारी पोहोचणारा असेल तर दार ८ ला उघडते आणि निघण्याची वेळ अडीचवर जाते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तेथील घड्याळे तासभर मागे सारली की आणखी एक तास वाढतो. ज्याने वार आणि ऋतू पाहिले नाहीत, त्याचा हिशेब तेथेच चुकला.

परतीचाही असाच प्रश्न. फार्नबरो आठवड्याच्या दिवशी रात्री १० वाजता बंद होते, शनिवार-रविवारी ८ वाजता. बिगिन हिल आठवड्याच्या दिवशी ११ पर्यंत जागे असते. लंडन सिटीने तर शेजाऱ्यांना आठवड्यात अखंड २४ तासांची विश्रांती देऊ केली आहे: शनिवार दुपारपासून रविवार दुपारपर्यंत. ती कमी करावी असा प्रस्ताव आला होता, पण २०२४ साली प्रवासीसंख्या वाढवण्यास मान्यता देतानाच सरकारने शनिवार दुपारच्या विमानांना नकार दिला. बैठक लांबली आणि मालक म्हणाला, “दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे,” तरी ती दहा मिनिटे मिळतील असे नाही. अशा वेळी खरी कसोटी लागते ती आखणी करणाऱ्याची. मालकाला ‘नाही’ म्हणण्याचे धैर्य त्याच्यापाशी हवे आणि दुसरे दार कोठे उघडे आहे हे सांगण्याची तयारीही हवी.

हे दुसरे दार केवळ सोयीचे नव्हे, प्राणांचे आहे. लंडनचे धुके जगप्रसिद्ध. ठरलेल्या ठिकाणी उतरणे अशक्य झाले तर पर्यायी विमानतळापर्यंत जाण्याचे इंधन हवे आणि तेथे पोहोचल्यावरही आणखी ३० मिनिटे आकाशात थांबता येईल इतके राखीव हवे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. आता विचार करा: पर्याय म्हणून लिहिलेला विमानतळच त्या वेळी बंद असेल, तर कागदावरचा तो पर्याय काय कामाचा? म्हणून शहाणा माणूस मुख्य विमानतळाआधी पर्यायाचे वेळापत्रक वाचतो.

याखेरीज कागदपत्रे असतात. परदेशातून ब्रिटनमध्ये येणाऱ्या अशा विमानातील सर्वांची माहिती निघण्यापूर्वी किमान २ तास, आणि फार तर ४८ तास आधी, संगणकाद्वारे तेथील सरकारकडे पोहोचली पाहिजे. एप्रिल २०२४ पासून हे बंधनकारक आहे. आयत्या वेळी “मेहुण्यालाही बरोबर घेतो” म्हणणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. जत्रेचे दिवसही पाहावे लागतात. फार्नबरोला सम वर्षी जुलैत विमानांचे मोठे प्रदर्शन भरते. २०१२ च्या ऑलिंपिकच्या वेळी तर एरवी मोकळ्या असणाऱ्या लहान विमानतळांवरही वेळा आधी ठरवून घ्याव्या लागल्या होत्या.

हे सारे निर्बंध कशासाठी? कारण उघड आहे. धावपट्टीच्या टोकाशी माणसे राहतात. त्यांच्या घरी तान्ही मुले आहेत, आजारी म्हातारी माणसे आहेत, दुसऱ्या दिवशी शाळा आहे. फार्नबरोची वार्षिक मर्यादा २०११ साली २८,००० वरून ५०,००० वर नेण्यात आली. २०२३ मध्ये ती ७०,००० करावी असा अर्ज झाला, तेव्हा रहिवाशांनी जोरदार हरकत घेतली. विमानतळ म्हणतो, आमच्यामुळे रोजगार येतो. शेजारी म्हणतात, आमची झोप जाते. दोघांचेही म्हणणे खोटे नाही. त्यांच्यात जो समेट होतो, त्याचेच नाव वेळापत्रक.

आपल्याकडेही हा प्रश्न परका नाही. १९३२ च्या १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूस उतरले, तेव्हा जुहू हेच मुंबईचे विमानद्वार होते. आज तेथे मुख्यतः हेलिकॉप्टरे ये-जा करतात आणि कुंपणापर्यंत वस्ती आली आहे. हैदराबादच्या आमच्या वाचकांनी बेगमपेठेचे तेच पाहिले: २००८ च्या मार्चमध्ये प्रवासी विमाने शमशाबादला गेली आणि काल गजबजलेले महाद्वार मागचे दार झाले.

मागच्या दाराने येणाऱ्याला आपल्याकडे घरचा माणूस समजतात. पण घरच्या माणसाकडून अपेक्षाही अधिक असते: त्याने वेळ पाहून यावे, हलक्या पावलांनी यावे आणि घरातली माणसे निजली असतील तर कडी वाजवू नये. विमान विकत घेता येते. शेजाऱ्याची झोप विकत घेता येत नाही. मध्यरात्री टेबलाशी बसून तो अनाम पगारदार जे आकडे मांडतो, त्यांत ही जाणीव असेल तरच ती आखणी चांगली, असे आम्हांस वाटते.