आधी शेजारी बसा

रडणारं बाळ कुशीत घेतलं की शांत होतं. असं हजारदा झाल्यावर ते स्वतःला सावरायला शिकतं. या जिव्हाळ्याच्या बंधावर ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी आयुष्यभर काम केलं.

दहावी-बारावीच्या वयात भावना पुन्हा आवरत नाहीत. काही मुलं स्वतःला इजा करून घेतात. बहुधा ते नाटक नसतं. असह्य घालमेल थांबवायची धडपड असते, आणि तिच्यात धोका असतो. मसाटमध्ये शिफ्टमुळे आईबाप-मुलांची गाठ रात्रीच पडते. आम्ही बँकेतली माणसं तर आधी जाब विचारणार! तसं करू नका. शेजारी बसा, ऐका. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. २०२२पासून सरकारच्या ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक २४ तास, मोफत, मराठीतही आहे.