दंडारीतला घुसाडी
(नभोवाणीवरील भाषण)



नाटक पाहून घरी परतताना वाटेत आपण कोणाविषयी बोलतो, याचा कधी विचार केला आहे काय? नायक शूर असतो, सत्यवचनी असतो, आणि शेवटी संकटातून सुखरूप पारही पडतो. परंतु वाटेत नक्कल होते ती त्याच्या बोबड्या मित्राची, खादाड नोकराची किंवा कजाग मावशीची. आजची मुले मोबाइलवर व्हिडिओ गेम खेळतात. त्यांतल्या विनोदी खेळमालिकांविषयी मुलांना बोलते केले, तर तेथेही हाच प्रकार आढळतो. नायकाचे वर्णन दोन वाक्यांत आटोपते. त्याच्या विक्षिप्त साथीदारांच्या लकबी मात्र मुले उभी राहून करून दाखवितात. साधन नवे आले तरी माणसाची आवड जुनीच आहे.

या गौण पात्रांना आपण 'तोंडी लावणे' समजतो. वस्तुतः त्यांचे काम त्याहून पुष्कळ मोठे आहे. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'तील मैत्रेय पाहा. चारुदत्ताचा हा विदूषक मित्र भित्रा, कुरकुऱ्या आणि झोपाळू आहे. वसंतसेनेच्या दागिन्यांचा करंडक सांभाळण्याचे काम त्याच्याकडे येते, आणि अर्धवट झोपेत तो तो करंडक आपल्या हाताने चोराच्या स्वाधीन करतो! पुढचे सारे कथानक या एका झोपेवर उभे आहे. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तील तळीराम आपल्याला पोट धरून हसवितो, आणि सुधाकराला दारूच्या वाटेला लावणाराही तोच आहे. आपल्या तमाशात गण झाल्यावर गौळण येते. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट कृष्ण अडवितो. प्रसंग एवढाच. पण त्यात रंग भरतात डोक्यावर पदर घेतलेली ती पुरुषी आवाजाची मावशी आणि वेडावाकडा चालणारा पेंद्या. प्रत्यक्ष देवाला उलट प्रश्न विचारण्याची मुभा या दोघांनाच असते. तळकोकणच्या दशावतारात वेद पळविणारा काळ्या वेषातला संकासुर हा असुर खरा. परंतु तो रंगणात येताच पोरे आधी भिऊन आईला बिलगतात आणि दुसऱ्याच क्षणी हसू लागतात.

याच जातीचा, परंतु याहून विलक्षण असा एक साथीदार आमच्या आदिलाबाद भागात दरवर्षी दिवाळीच्या सुमारास अवतरतो. त्याला घुसाडी म्हणतात. आज त्याचाच परिचय आपणांस करून द्यावयाचा आहे.

पैनगंगेच्या दक्षिणेचा हा मुलूख 1956 पर्यंत हैदराबाद संस्थानात व नंतरच्या हैदराबाद राज्यात होता. पुढे तो आंध्र प्रदेशात आणि 2014 पासून तेलंगणात आला. 2016 साली जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. यवतमाळ, नांदेड व चंद्रपूर हे शेजारी असल्यामुळे येथे तेलुगू, मराठी, गोंडी आणि उर्दू या भाषा एकाच बाजारात ऐकू येतात. डोंगराळ भागात राजगोंडांची वस्ती आहे. कोजागरीच्या पौर्णिमेच्या सुमारास गोंड खेड्यांत दंडारीला प्रारंभ होतो आणि दिवाळीपर्यंत ढोलाचा आवाज रानातून घुमत राहतो. शेवटी कोलाबोडी नावाच्या विधीने या पर्वाची सांगता करतात.

दंडारी म्हणजे एका गावाचा नाचणाऱ्या-गाणाऱ्या पुरुषांचा मेळा. त्यात वीसपासून चाळीसपर्यंत माणसे असतात. डफ, गुमेला, ढोलकी, पेपरे अशी वाद्ये बरोबर घेऊन हा मेळा दुसऱ्या गावी पाहुणा म्हणून जातो. यजमान गाव त्याचे स्वागत करते, जेवू घालते, आणि रात्रभर नाच चालतो. काही तरुण स्त्रीवेष घेतात, इतर हातात टिपऱ्या घेऊन वर्तुळात नाचतात. या भेटीगाठींतूनच सोयरिकी जुळतात, जुने रुसवेफुगवे निघतात, आणि पिकापाण्याच्या गोष्टी होतात. वर्षभर कामाच्या रगाड्यात ज्यांची गाठ पडत नाही, त्यांची गाठ घालून देणारा हा एक सामाजिक सोहळाच आहे.

या मेळ्यात घुसाडी किती असतात? दोनचार, फार तर पाच. म्हणजे संख्येने पाहिले तर ती गौणच पात्रे. पण रूप असे की नजर हटू नये. डोक्यावर शेकडो मोरपिसांचा डेरेदार मुकुट, काहींच्या मुकुटाला हरणाची शिंगे, तोंडाला खोटी दाढीमिशी, उघड्या अंगावर राख आणि तिच्यावर ठिपके, खांद्यावरून सोडलेले जनावराचे कातडे, गळ्यात मण्यांच्या माळा, कमरेला व पायांत घुंगरे, आणि हातात एक दंड. दंडारीचे नर्तक वर्तुळाची शिस्त सांभाळीत असतात. तेवढ्यात हे घुसाडी मध्येच घुसतात, उड्या मारतात, प्रेक्षकांच्या अंगावर धावून जातात, वेड्यावाकड्या चाळ्यांनी थट्टा करतात. पोरे किंचाळत पळतात आणि पुन्हा जवळ येतात. संकासुर ज्याने पाहिला आहे, त्याला हे सारे ओळखीचे वाटेल.

परंतु येथे एक मोठे आश्चर्य आहे. सर्वांत अधिक थट्टामस्करी करण्याची मोकळीक ज्याला आहे, त्याच्यावरच सर्वांत कडक निर्बंध आहेत! घुसाडी होणे हे व्रत आहे. एकदा तो वेष अंगावर चढला की पर्व संपेपर्यंत स्नान करावयाचे नाही, खाटेवर निजावयाचे नाही. या काळात त्याच्या ठायी देवाचा संचार असतो अशी गोंडांची श्रद्धा आहे. म्हणून ज्याच्या चाळ्यांना लोक हसतात, त्याच्याच हातातील दंडाचा स्पर्श दुखऱ्या अंगाला व्हावा म्हणून त्याच्यापुढे येऊन बसतात. हसणे आणि हात जोडणे ही दोन कामे येथे एकाच माणसासमोर, एकाच रात्री होतात.

आपल्याला हे विसंगत वाटेल. कारण विनोद म्हणजे सैलपणा आणि भक्ती म्हणजे गांभीर्य, अशी वाटणी आपण मनाशी करून ठेवली आहे. पण थोडा विचार केला तर यातील शहाणपण ध्यानात येते. दुसऱ्याची थट्टा करण्याचा अधिकार ही जोखमीची वस्तू आहे. ती कोणाच्याही हाती दिली तर थट्टेची कुचेष्टा व्हावयास वेळ लागत नाही. पाहुण्या गावातील थोरामोठ्यांच्या अंगावर धावून जाणारा माणूस स्वतः व्रतस्थ असला, तर त्याचा राग कोणी धरीत नाही. शेक्सपिअरच्या लिअर राजाला त्याची चूक तोंडावर सांगतो तो त्याच्या दरबारातील विदूषक. कारण तेवढी सूट त्या वेषालाच असते. घुसाडीची सूटही वेषाची आहे, आणि तिची किंमत तो व्रताने चुकती करतो.

मराठी वाचकांना या दंडारीविषयी आपुलकी वाटावी असे आणखी एक कारण आहे. गोंडांच्या कुळकथा व देवकथा गाऊन सांगण्याचे काम परंपरेने परधान समाजाकडे आहे, आणि या भागातील परधानांची घरची बोली मराठी आहे. 1940 साली जोडेघाट येथे कुमरम भीम यांनी निजामाच्या सत्तेविरुद्ध लढताना प्राण दिले. त्यानंतर गोंडांची गाऱ्हाणी समजून घेण्यासाठी निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना पाचारण केले. ते पत्नीसह मारलवाई या खेड्यात राहिले, गोंडी शिकले, आणि त्यांच्या पुढाकाराने तेथे गोंड शिक्षकांना तयार करण्याचे केंद्र निघाले. तेथे गोंडी मुलांसाठी जी वाचनपाठाची पुस्तके तयार झाली, ती देवनागरी लिपीत होती. म्हणजे ज्या अक्षरांत आपण हे भाषण वाचीत आहात, त्याच अक्षरांत या गोंड मुलांनी आपली मातृभाषा प्रथम कागदावर पाहिली.

याच मारलवाईने पुढे घुसाडीला देशभर ओळख मिळवून दिली. तेथील कनक राजू यांनी जन्मभर हा नाच केला, तरुणांना शिकविला, आणि दिल्लीच्या प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्यापर्यंत नेला. 2021 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. 2024 साली ते निवर्तले. डोंगरातील एका खेड्याच्या कलेचा असा गौरव व्हावा, ही आम्हां सर्वांच्या अभिमानाची गोष्ट आहे.

मात्र या कीर्तीबरोबर एक प्रश्नही उभा राहिला आहे. आज कोठे मोठा समारंभ असला, पाहुण्यांचे स्वागत असले, की मोरपिसांचे मुकुट घातलेले घुसाडी रांगेने उभे केलेले दिसतात. सर्वांचे मुकुट सारखे, सर्वांची पावले सारखी, आणि वेळ दहा मिनिटांची. दृश्य नेत्रदीपक असते यात शंका नाही. पण वर्तुळाची शिस्त सांभाळणारे ते वीस-तीस नर्तक कोठे गेले? ज्यांना घाबरवून हसवावयाचे, ती पोरे कोठे आहेत? दंडाचा स्पर्श मागणारी म्हातारी माणसे कोठे आहेत? शिस्तीत घुसून शिस्त मोडणे हे ज्याचे काम, त्यालाच आपण शिस्तीत उभे केले, तर त्याने करावयाचे तरी काय? तो नाचतो, टाळ्या घेतो. थट्टा मात्र करीत नाही. पाहुण्याच्या अंगावर धावून जाण्याची सोय त्या मंचावर कोठून असणार?

आपल्या तमाशाचीही थोडीफार हीच कथा आहे. लावणीचे स्वतंत्र कार्यक्रम आज थाटामाटाने होतात आणि गर्दीही खेचतात. परंतु गण, गौळण, बतावणी आणि वग ही साखळी तेथे नसली की सोंगाड्याला उभे राहावयास जागाच उरत नाही. रंगतदार तुकडा तेवढा उचलावा आणि बाकीचे 'कंटाळवाणे' म्हणून टाकावे, असे करताना तो तुकडा रंगतदार कशामुळे झाला होता हेच आपण विसरतो. मिठाची चव भाकरीबरोबर कळते. नुसत्या मिठाच्या वाटीचा पाहुणचार कोणी करीत नाही.

यावर कोणी म्हणतील, मंचावर आला म्हणून तरी घुसाडी जगला. नाही तर त्याला कोणी ओळखले असते? या म्हणण्यात तथ्य आहे. मंचाने नाव दिले, काही घरांना चार पैसे दिले, आणि आपली कला लाजण्यासारखी नाही हा विश्वास तरुणांना दिला. तो कोणी हिरावून घेऊ नये. मागणे एवढेच आहे की जेथे घुसाडीला बोलवावयाचे, तेथे जमल्यास सबंध दंडारीला बोलवावे. तिला दहा मिनिटांऐवजी तासभर द्यावा. आणि तिला उंच मंचावर न चढविता अंगणात, लोकांच्या मधोमध जागा द्यावी. शाळांच्या स्नेहसंमेलनांत मुलांना मोरपिसी मुकुट घालून नाचविणारे आम्ही शिक्षक त्यांना एवढे तरी सांगू शकतो की हा वेष म्हणजे व्रत आहे, आणि त्यातली थट्टा ही त्या व्रताने मिळविलेली आहे.

आणि ज्यांना शक्य असेल त्यांनी दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात एखाद्या गोंड खेड्यात, तेथील वडीलधाऱ्यांची परवानगी घेऊन, एक रात्र दंडारी पाहावी. आपण कडेला शांत उभे राहिलेले असाल. वर्तुळ संथपणे फिरत असेल. अशा वेळी पिसांचा तो मुकुट अचानक आपल्या दिशेने वळेल, घुंगरे वाजतील, आणि आपण नकळत एक पाऊल मागे सराल. शेजारची पोरे आपल्याला हसतील. त्यांच्याबरोबर आपणही हसावे; त्या रात्रीपुरते आपणही त्या मेळ्यातले झालेले असाल.