वाढते वजन आणि वेळेचा ताळेबंद

चाळिशी ओलांडलेल्या स्त्रीचे वजन वाढू लागले की घरीदारी त्याचे कारण बहुधा एकच सांगितले जाते : जिभेवर ताबा नाही आणि अंगात आळस भरला आहे. हे निदान सोयीचे आहे, कारण ते करणाऱ्याला स्वतःचे काहीच बदलावे लागत नाही. वस्तुस्थितीचा मात्र त्याला आधार नाही.

या वयात शरीराची भट्टीच मंदावते, हा समजही तपासून पाहावा असा आहे. 29 देशांतील सुमारे 6,400 व्यक्तींच्या ऊर्जाव्ययाचा अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. शरीराचा आकार व घडण जमेस धरली असता विशीपासून साठीपर्यंत हा व्यय जवळजवळ स्थिर राहतो, असे त्यात आढळले. बदलते ती घडणच. स्नायू हळूहळू झिजतात. रजोनिवृत्तीच्या सुमारास इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटते आणि पूर्वी मांड्या व नितंब यांवर साठणारी चरबी पोटाकडे वळते. म्हणूनच कित्येकदा काटा फारसा हलत नाही, पण कपडे कमरेत तंग होतात.

भारतीयांनी केवळ काट्यावर विसंबणे तर अधिकच धोक्याचे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधील डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के! भारतीय स्त्रीच्या कमरेचा घेर 80 सेंटिमीटरच्या आत असावा, असे वैद्यक सांगते ते याचसाठी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) 15 ते 49 वयोगटातील 56.7 टक्के स्त्रियांच्या कंबर-नितंब घेरांचे प्रमाण धोक्याच्या पातळीवर आढळले. ही मोजणी 49 व्या वर्षी थांबते. म्हणजे जेथे प्रश्न खऱ्या अर्थाने सुरू होतो, नेमकी तेथेच.

यावर उपाय म्हणून व्यायाम सांगितला जातो आणि तो योग्यच आहे. आठवड्यातून किमान 150 मिनिटे दम लागेल असे चालणे आणि दोन दिवस स्नायूंवर भार टाकणारे व्यायाम, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. आता दुसरा आकडा पाहावा. केंद्र सरकारच्या 2024 च्या कालविनियोग पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटे घालवतात, पुरुष 88. आणि मुळात घरकामाला हात लावणारे पुरुषच थोडे. आठवड्याभराचा व्यायाम म्हणजे तिच्या एका दिवसाच्या घरकामाचा जेमतेम निम्मा वेळ. तो तिला मिळत नाही, हे आळसाचे नव्हे, वाटणीचे कोडे आहे.

एवढे राबणे हा व्यायाम नव्हे काय, असे कोणी विचारील. जाते आणि उखळ होते, विहिरीवरून पाणी आणावे लागे, तोवर त्यात तथ्य होते. गिरणी, मिक्सर आणि नळ यांनी अंगमेहनत कमी केली. वेळ मात्र मोकळा केला नाही. ओट्यापाशी तासन्‌तास उभे राहिल्याने पाय भरून येतात, पण स्नायू बळकट होत नाहीत.

अन्नाची वाटणीही याच धर्तीची. सर्वांची पाने झाल्यावर ती जेवायला बसते, तेव्हा उसळीचा रस्सा उरलेला असतो, मोड आलेली मटकी गेलेली असते. ज्या वयात स्नायू टिकवण्यासाठी प्रथिनांची गरज अधिक, त्याच वयात तिच्या पानात भात आणि पोळी वाढत जाते. शिवाय अन्न टाकू नये म्हणून पातेल्यातला शेवटचा घास तिचाच. घराची काटकसर अशी एकाच देहावर जमा होते. उपवासाने हा हिशेब जुळत नाही. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट, आणि त्यावर तूप व दाण्याचे कूट. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच पडलेली नाही. त्यापेक्षा घट्ट वरण, मुगाची उसळ, दही आणि शेंगदाण्याचे माप, एवढे रोज सांभाळले तरी पुष्कळ.

वजन घटवणारी नवी इंजेक्शने 2025 मध्ये भारतीय बाजारात आली. काहींना ती खरोखर आवश्यक असतील. तथापि त्यांनी चरबीबरोबर स्नायूही घटतात, म्हणून डॉक्टरांवाचून त्यांच्या वाटेला जाऊ नये. वजन एकाएकी वाढले असल्यास थायरॉईडची तपासणी आधी करावी, हेही तितकेच खरे.

खुर्चीवरून हात न टेकता दहा-पंधरा वेळा उठणे-बसणे, जिने चढणे, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे, यांना पैसा लागत नाही. लागतो तो सलग अर्धा तास. सकाळी उद्याने उघडतात तेव्हा डबे भरायचे असतात. ते काम आठवड्यातून चार दिवस घरातील दुसऱ्या कोणी अंगावर घेतले, तर तिचे फिरणे शक्य होईल. एरवी तिला सवड मिळते ती दुपारी दोन ते चारमध्ये, आणि त्या वेळी अनेक नगरपालिकांच्या उद्यानांना कुलूप असते.