आधी आराखडा, मग पैसा : युरोपातील मागास भागांच्या विकासनिधीची गोष्ट



गेल्या सत्रात नववीच्या भूगोलाच्या तासाला एका विद्यार्थिनीने प्रश्न विचारला, "बाई, युरोपातले लोक तर श्रीमंत. मग तिथे मागास भाग कसा असेल?" प्रश्न चांगला होता, पण घंटा झाली आणि उत्तर अर्धेच राहिले. उरलेले उत्तर आज सर्वांसाठी लिहीत आहे.

युरोपीय संघात आज २७ देश आहेत. लक्झेंबर्गसारखा श्रीमंत देश आणि बल्गेरियाचा वायव्य भाग यांच्या उत्पन्नात जमीन-अस्मानाचा फरक आहे. एकाच देशातही असा फरक दिसतो. इटलीतले मिलान शहर उद्योगांनी गजबजलेले, तर दक्षिणेकडच्या कलाब्रियातील तरुण कामासाठी घर सोडून उत्तरेला जातात. महाराष्ट्रात विभागाविभागांतील अशाच फरकासाठी 'अनुशेष' हा शब्द रूढ झाला. तो मोजण्यासाठी १९८३ मध्ये प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती, हे आपल्यापैकी काहींना आठवत असेल. युरोपनेही आपला अनुशेष भरून काढण्याची एक पद्धत बसवली आहे.

सुरुवात कशी झाली?

१९५७ च्या रोम करारात सहा देश एकत्र आले. त्याच करारात युरोपीय सामाजिक निधीची तरतूद होती. काम गेलेल्या कामगारांना नवे काम शिकवणे, हा त्यामागचा हेतू. १९७३ मध्ये ब्रिटन, आयर्लंड आणि डेन्मार्क हे देश सामील झाले. जुने उद्योग बंद पडत चाललेले भाग आणि दरिद्री ग्रामीण भाग यांचा प्रश्न ऐरणीवर आला आणि १९७५ मध्ये युरोपीय प्रादेशिक विकास निधी सुरू झाला. पहिला निधी माणसांच्या शिक्षणासाठी, दुसरा मुख्यतः रस्ते, उद्योग व सोयी यांच्यासाठी. ही दोन्ही चाके आजही चालू आहेत. २०२१ ते २०२७ या सात वर्षांसाठी या सर्व निधींची मिळून सुमारे ३९२ अब्ज युरोंची, म्हणजे ३९,२०० कोटी युरोंची तरतूद आहे. संघाच्या एकूण अंदाजपत्रकाचा हा जवळजवळ एक तृतीयांश भाग होतो.

पैसा वाटायचा कसा?

सुरुवातीला एकेका कामाला सुटासुटा पैसा मिळत असे. १९८८ मध्ये जॅक देलोर हे युरोपीय आयोगाचे अध्यक्ष असताना पद्धत बदलली. तेव्हा ठरलेले नियम थोड्याफार फरकाने आजही पाळले जातात.

पहिला नियम मोजमापाचा. संपूर्ण युरोपाची प्रदेशांत विभागणी केली आहे. एका प्रदेशात साधारण ८ लाख ते ३० लाख लोकवस्ती असते. स्थानिक किमती लक्षात घेऊन तिथले दरडोई उत्पन्न काढतात. ते संघाच्या सरासरीच्या ७५ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर तो प्रदेश 'कमी विकसित' ठरतो आणि त्याला सर्वांत जास्त मदत मिळते. कोणाची ओळख किती, यापेक्षा आकडा महत्त्वाचा.

दुसरा नियम आराखड्याचा. प्रदेशाने सात वर्षांचा लेखी आराखडा द्यायचा. आपली अडचण नेमकी काय, कोणती कामे हाती घेणार, आणि ती झाली हे कशावरून ओळखायचे, हे सर्व आधी लिहून द्यावे लागते.

तिसरा नियम भागीदारीचा. हा आराखडा सरकारी अधिकाऱ्यांनी बंद खोलीत लिहायचा नाही. नगरपालिका, कामगार संघटना, उद्योजक, सामाजिक संस्था यांना सोबत घ्यायचे. पुढे कामावर लक्ष ठेवणाऱ्या समितीतही त्यांना जागा द्यायची.

चौथा नियम स्वतःच्या हिश्शाचा. कमी विकसित प्रदेशातही संघ जास्तीत जास्त ८५ टक्के खर्च उचलतो, बाकीचा तिथल्या सरकारने किंवा संस्थेने घालायचा. शिवाय संघाचा पैसा आला म्हणून देशाने आपला हात आखडता घ्यायचा नाही. निधी म्हणजे भर, बदली नव्हे.

पाचवा नियम मुदतीचा. ठरलेल्या वर्षांत पैसा खर्ची पडला नाही तर तो परत जातो. आपल्याकडे 'मार्च एंड'ला कचेऱ्यांत काय धावपळ उडते ते पालकांना सांगायला नको. तशीच धावपळ तिथेही होते, आणि घाईघाईत उभारलेली कामे पुढे ओस पडल्याची उदाहरणेही आहेत.

समावेशनाचा, म्हणजे मागे राहिलेल्यांना सोबत घेण्याचा विचारही नियमातच घातला आहे. सामाजिक निधीतील किमान २५ टक्के रक्कम गरीब, दीर्घकाळ बेकार, अपंग, स्थलांतरित अशा लोकांसाठी खर्च करणे सध्या बंधनकारक आहे. नवीन कारखाना गावात आला, पण गावातल्या कोणालाच तिथले काम येत नाही, असे होऊ नये हा त्यामागचा विचार.

आयर्लंडची गोष्ट

१९८८ च्या बदलानंतर संपूर्ण आयर्लंड देश मागास गटात धरला गेला. हजारो तरुण देश सोडून जात होते. दहा-बारा वर्षांत चित्र इतके पालटले की २००० नंतरच्या कालखंडात तो देश पूर्ण मदतीस पात्र राहिला नाही. देशाचे दोन भाग करावे लागले आणि सीमेलगतचा, मधला व पश्चिमेचा भाग तेवढा त्या गटात उरला.

हे सारे निधीमुळे झाले का? नाही. परदेशी कंपन्यांची गुंतवणूक आणि कमी कर हीही मोठी कारणे होती. शिवाय आयर्लंडने १९६७ मध्येच माध्यमिक शिक्षण मोफत केले होते. पैसा आला तेव्हा त्याचा उपयोग करू शकणारी शिकलेली पिढी तयार होती. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, त्या बडोद्यात राहणाऱ्या आपल्याला याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

एबू व्हेलची गोष्ट

आता दुसरी बाजू. ब्रिटनच्या वेल्समध्ये डोंगरांच्या दरीत एबू व्हेल नावाचे गाव आहे. कोळसा आणि पोलाद यांवर ते वाढले. २००२ मध्ये तिथला पोलाद कारखाना कायमचा बंद झाला. तो चालवणारी कॉरस कंपनी पुढे २००७ मध्ये टाटा स्टीलने विकत घेतली, पण तोपर्यंत एबू व्हेलची चूल विझली होती.

हा भाग 'कमी विकसित' गटात असल्याने युरोपचा निधी आला. १९६२ पासून बंद असलेली प्रवासी रेल्वे २००८ मध्ये पुन्हा धावू लागली. दरीच्या माथ्यावरचा महामार्ग रुंद होऊ लागला. कारखान्याच्या मोकळ्या जागेवर २०१२ मध्ये नवे महाविद्यालय उभे राहिले. या सर्व कामांना युरोपच्या निधीचा हातभार होता. नियमाप्रमाणे निळ्या झेंड्याचे फलकही लागले.

आणि २३ जून २०१६ रोजी ब्रिटनमध्ये सार्वमत झाले, तेव्हा एबू व्हेल ज्या जिल्ह्यात येते त्या ब्लेनाय ग्वेंटमधील ६२ टक्के मतदारांनी युरोपीय संघातून बाहेर पडावे असे मत दिले. संपूर्ण वेल्समध्ये हे प्रमाण सर्वाधिक होते.

लोक कृतघ्न होते असे म्हणणे सोपे आहे. पण त्यांच्या बाजूने पाहा. रस्ता झाला, इमारत झाली, पण कारखान्यात बापाला जसा भरवशाचा पगार मिळत होता तसा मुलाला मिळेना. २०१० नंतर सरकारी काटकसरीत स्थानिक सेवांना कात्री लागली. फलक डोळ्यांसमोर होता, पण हा आराखडा आपला आहे, आपल्याला विचारून केला आहे, असे अनेकांना वाटले नाही. मत देण्याची इतरही कारणे होती, तरीही हे एक कारण दुर्लक्षून चालणार नाही.

पुढे काय झाले तेही सांगते. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन संघाबाहेर पडला. त्याऐवजी एप्रिल २०२२ मध्ये ब्रिटिश सरकारने स्वतःचा निधी सुरू केला. तो सात नव्हे, तीन वर्षांचा होता आणि त्याची सूत्रे लंडनच्या हाती होती. आम्हाला बाजूला सारले, अशी तक्रार वेल्स सरकारने केली. म्हणजे प्रश्न पुन्हा तोच : आराखडा कोणाचा? खुद्द युरोपीय संघातही हा वाद चालू आहे. जुलै २०२५ मध्ये आयोगाने २०२८ पासून हे निधी आणि शेतीचा निधी प्रत्येक देशाच्या एकाच आराखड्यात गुंफण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा आमचा आवाज दबेल अशी हरकत प्रदेशांच्या प्रतिनिधींनी घेतली.

आपण काय घ्यावे?

मित्रांनो, निधी म्हटला की आपण आधी रक्कम विचारतो. या दोन गोष्टी सांगतात की त्याआधी तीन प्रश्न विचारायला हवेत. ज्यांच्यासाठी खर्च करायचा त्यांना विचारले का? काम झाल्यावर त्यांच्या आयुष्यात कोणता फरक दिसायला हवा, हे लिहून ठेवले का? आणि वास्तूबरोबर माणसे तयार करण्याचीही सोय केली का?

शाळेची जुनी इमारत, नवी प्रयोगशाळा, गरजू मुलांची फी, अशा अनेक कामांसाठी आपल्याकडेही देणग्या येतात. देणगीदारांच्या नावांचे फलक आपण आदराने लावतो, ते लावलेच पाहिजेत. पण प्रयोगशाळा बांधण्याआधी तिथे प्रयोग करणाऱ्या मुलामुलींना आणि शिक्षकांना एकदा बसवून विचारले, तर फलकावर नाव नसले तरी ती खोली त्यांना आपली वाटेल.

त्या विद्यार्थिनीचे उत्तर आता पूर्ण झाले, असे समजते. मागास भाग श्रीमंत खंडातही असतो. तो पुढे येतो तो पैशाने, शिक्षणाने आणि आपले मत कोणीतरी ऐकते आहे या विश्वासाने. तिन्हींपैकी एकही वगळून चालत नाही.