रकाबी पालथी करून पाहा

आमच्या घरी दादीची एक रकाबी होती. पांढऱ्या चिनी मातीवर निळी वेल, मधोमध दोन पक्षी. ईदला शेजारी शीरखुर्म्याची वाटी जायची ती याच रकाबीवर ठेवून, आणि दिवाळीला ती फराळ घेऊन परत यायची. वडील गेल्यानंतर एक जाणकार म्हणवणारे गृहस्थ घरी आले. रकाबी हातात घेऊन म्हणाले, "ही तर निजामशाहीतली! लाखाच्या खाली देऊ नका." झालं! चाळीस वर्षं जिच्याकडे कुणी वळून पाहिलं नव्हतं, तिच्यापायी आम्हा दोघा भावांचं सहा महिने बोलणं बंद झालं.

शेवटी मी जमेल तेवढं वाचलं, संग्रहालयं पाहिली. त्यातून जे समजलं ते सांगतो.

पहिली गोष्ट इतिहासाची. अशा भांड्यांना आपण सरसकट 'चिनी' म्हणतो, पण त्यांतली कितीतरी जपानी असतात. जपानात क्यूशू बेटावरच्या आरिता गावी ही भांडी साधारण १६१६ च्या सुमारास होऊ लागली. इमारी बंदरातून ती बाहेर जात, म्हणून त्यांना 'इमारी' हेही नाव पडलं. १६४४ मध्ये चीनमधली मिंग राजवट कोसळली, तिकडचा माल मिळेनासा झाला, तेव्हा डच व्यापारी जपानकडे वळले. जपानी माल मोठ्या प्रमाणावर परदेशी जाऊ लागला तो १६५० नंतर. आपली निजामशाही तर १६३६ मध्येच संपली. म्हणजे नगरच्या सुलतानाच्या दस्तरखानावर चिनी भांडं असू शकेल. जपानी असणं जवळजवळ अशक्य.

दुसरी गोष्ट, भांडं पालथं करा. चित्र फसवतं, बूड सहसा फसवत नाही. जुन्या आरिता ताटल्यांच्या बुडाला पुष्कळदा तीन ते पाच बारीक टिंबं उठलेली दिसतात. भट्टीत बूड खचू नये म्हणून खाली मातीचे छोटे टेकू देत, त्यांच्या या खुणा. मात्र बुडावर चिनी बादशहाचं नाव दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका. जपानी कारागीर मिंग बादशहांची नावं शोभेसाठीही लिहीत. इंग्रजीत 'निप्पॉन' असेल तर माल बहुधा १८९१ नंतरचा. अमेरिकेच्या जकात कायद्याने देशाचं नाव घालणं तेव्हा सक्तीचं झालं. 'जपान' असेल तर बहुधा १९२१ नंतरचा. 'ऑक्युपाइड जपान' असेल तर दुसऱ्या महायुद्धानंतरचा, १९५२ पर्यंतचा.

तिसरी गोष्ट, निळा रंग. हाताने काढलेल्या रेघेत कुंचल्याचा दाब कमीजास्त होतो, रंग कुठे दाट तर कुठे फिका पडतो. १८७० नंतर जपानात कारखान्यातला, झगझगीत निळा रंग आला आणि कातरलेल्या कागदी साच्यांनी नक्षी छापू लागले. अशा भांड्यावर रेघा तुटक दिसतात, आणि एक छाप संपून दुसरा सुरू होतो तिथे वेलीचा सांधा जुळत नाही.

किंमत ठरते ती वय, हातकाम, दुर्मीळपणा आणि शाबूतपणा यांवर. बोटाने हलकेच टिचकी मारा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर कुठेतरी तडा आहे. तडा, टवका, डागडुजी यांनी भाव बराच उतरतो. विकण्याआधी दोघातिघांना दाखवा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्यानुसार परवान्याशिवाय परदेशी पाठवता येत नाही, हेही ध्यानात असू द्या. मुंबईला गेलात तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या, म्हणजे सर रतन आणि सर दोराबजी यांच्या संग्रहातली चिनी-जपानी भांडी जरूर पाहा. अस्सल माल पाहिल्याशिवाय नजर तयार होत नाही.

मग एके दिवशी भावाला बोलावलं आणि त्याच्यासमोर रकाबी पालथी केली. बुडावर टिंबं नव्हती. सुलटी केली, तर काठावर वेलीचा सांधा बोटभर चुकलेला. छापाचं काम, लाखाची गोष्टच नको. भाऊ बराच वेळ बघत राहिला, मग हसला. म्हणाला, "बरं झालं. आता विकायला नको."

त्या ईदला रकाबी पुन्हा शेजारी गेली.